नेहमीच्या खोकल्याआड

वयाच्या १९व्या वर्षी मी पहिली सिगारेट ओढली आणि ५७व्या वर्षी शेवटची. मधल्या ३८ वर्षांत सकाळी उठल्यावर दहा-पंधरा मिनिटे खोकणे हा माझ्या दिनक्रमाचा भाग झाला होता. मी उठलो आहे हे घरात त्या खोकल्यावरूनच कळत असे. २२ जुलै २०२४ रोजी फुफ्फुसाच्या कर्करोगावरच्या माझ्या उपचारांतली शेवटची सलाईन संपली. पहिल्या तक्रारीपासून त्या दिवसापर्यंत वीस महिने गेले. या काळात गाठीपेक्षाही तिने उभ्या केलेल्या गुंतागुंतींनी मला जास्त वेळा रुग्णालयात नेले, आणि त्यांतली जवळजवळ प्रत्येक गुंतागुंत मी आधी ‘हे सिगारेटचेच’ म्हणून बाजूला सारली होती. मी डॉक्टर नाही. जे घडले, जे मला समजावून सांगण्यात आले आणि जे मी उशिरा शिकलो, ते क्रमाने लिहून ठेवत आहे.

सुरुवात नोव्हेंबर २०२२ मधली. माझा जुना खोकला सकाळचा, कफ सुटला की थांबणारा होता. त्या महिन्यात तो रात्रीही येऊ लागला, कोरडा झाला आणि डाव्या कुशीवर झोपले की वाढू लागला. एवढा फरक मला जाणवला होता, पण तो कोणाला सांगण्याजोगा वाटला नाही. २१ तारखेला ताप आला, तेव्हा नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. एक्स-रेमध्ये डाव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात न्यूमोनियाचा डाग दिसला. सात दिवसांचे प्रतिजैविक मिळाले, ताप उतरला आणि मी कामावर रुजू झालो. त्या चिठ्ठीच्या तळाशी डॉक्टरांनी बारीक अक्षरात लिहिले होते : ‘६ आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे.’ ती चिठ्ठी मी नीट घडी घालून फाइलमध्ये ठेवली आणि विसरलो. पन्नाशी ओलांडलेल्या धूम्रपान करणाऱ्याला न्यूमोनिया झाला, तर तो डाग पूर्ण विरला की नाही हे पाहण्यासाठी हा दुसरा एक्स-रे असतो. कारण डागाच्या मागे गाठ लपलेली असू शकते. बरे वाटणे आणि डाग जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला तेव्हा कोणी खडसावून सांगितले असते, तरी मी ऐकले असते याची खात्री देता येत नाही.

जानेवारी २०२३ च्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा ताप आला आणि पुन्हा न्यूमोनिया निघाला. या वेळी मी दुसऱ्या दवाखान्यात गेलो होतो आणि जुना एक्स-रे बरोबर नेला नव्हता. डाग त्याच जागी होता, पण तुलनेला जुनी फिल्मच नसल्याने ते कोणाच्या लक्षात येण्याचे कारण नव्हते. पुढे मला समजले की एकाच जागी पुन्हा पुन्हा होणारा न्यूमोनिया हीच गाठीची एक ठळक खूण आहे : श्वासनलिकेच्या फांदीत वाढलेली गाठ वाट अडवते, तिच्या पलीकडचा कफ बाहेर पडू शकत नाही आणि साचलेल्या जागी जंतू वाढतात. प्रतिजैविक जंतू मारते, बूच मात्र तसेच राहते. तेव्हापासून आमच्या घरी नियम आहे की कोणत्याही तपासणीला जाताना मागची प्रत्येक फिल्म आणि सीडी सोबत न्यायची. ‘अहवाल आहे ना, मग फिल्म कशाला’ असे खिडकीवरचे लोक म्हणतात, तरीही न्यायची.

जानेवारीच्या अखेरीस आवाज बसला. थंडी, घसा, सिगारेट अशी कारणे तयारच होती. तीन आठवडे गुळण्या केल्या. मुलीचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, “बाबा, तुम्ही कुजबुजत का बोलताय? कोणी झोपलंय का तिथे?” मी नेहमीच्या आवाजातच बोलत होतो. त्याच सुमारास पाणी पिताना ठसका लागू लागला. भात किंवा पोळी सहज गिळता येई, पण पातळ पदार्थ चुकीच्या वाटेने जाई. पत्नीने दोन्ही गोष्टी एका वहीत तारखेनिशी लिहिल्या. या वहीचा उल्लेख पुढे अनेकदा येईल.

११ फेब्रुवारीला, शनिवारी सकाळी, बेसिनमध्ये कफाबरोबर लाल धागा दिसला. आधी वाटले, हिरडीतून आले असेल. चूळ भरली, पुन्हा खोकलो, पुन्हा धागा. मी नळ सोडून ते वाहू दिले, आणि दिवसभर कोणालाही काही बोललो नाही. भीती होती असे म्हणणे सोपे आहे. खरे सांगायचे तर लाज होती, कारण ३८ वर्षे ज्याबद्दल घरातले बोलत आले होते ते खरे ठरत होते. रविवारी दुसऱ्यांदा तसेच झाले तेव्हा पत्नी मागे उभी होती. तिने नळ सोडू दिला नाही आणि मोबाइलवर फोटो काढला. तो फोटो पुढे प्रत्येक डॉक्टरांनी पाहिला. रक्ताचा रंग, फेस आहे का, धागा आहे की गुठळी, हे शब्दांत सांगता येत नाही. फोटो काढून ठेवावा, आणि प्रमाण चमच्यात किंवा कपात सांगावे.

सोमवारी, १३ तारखेला, बसलेल्या आवाजासाठी आधीच घेतलेली नाक-कान-घसातज्ज्ञांची वेळ होती. त्यांनी नाकातून बारीक दुर्बीण घातली, मला ‘ईऽऽ’ म्हणायला लावले आणि पडदा माझ्याकडे वळवला. उजवी स्वरतंतूची पट्टी हलत होती, डावी जागच्या जागी होती. त्यांनी कागदावर आकृती काढली : डाव्या स्वरतंतूला हलवणारी नस मानेतून सरळ घशाकडे जात नाही, ती छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि पुन्हा वर घशात येते. उजवीचा वळसा बराच वर, गळ्याच्या पायथ्याशीच होतो. म्हणून डाव्या फुफ्फुसाच्या मुळाशी असलेली गाठ किंवा सुजलेली लसिकाग्रंथी आवाज घालवू शकते. “घशात काही नाही, छातीत बघावं लागेल,” एवढेच ते म्हणाले. घसा दाखवायला गेलो होतो, छातीच्या सीटी स्कॅनची चिठ्ठी घेऊन परतलो. निघताना त्यांनी माझी दोन्ही तर्जनींची नखे पाठीला पाठ लावून धरायला सांगितली. निरोगी बोटांत नखांच्या मुळाशी पतंगाच्या आकाराची छोटी फट दिसते. माझ्यात ती नव्हती. या चाचणीला लिओ शॅमरॉथ या हृदयरोगतज्ज्ञांचे नाव आहे आणि त्यांनी ती स्वतःच्या आजारपणात स्वतःच्याच बोटांवर पाहिली होती, हे मी नंतर वाचले. नखे फुगून गोल होणे फुफ्फुसाच्या गाठीतच होते असे नाही, पण धूम्रपान करणाऱ्यात नव्याने दिसले तर छाती तपासावी. माझी नखे तशी कधीपासून होती हे मला सांगता आले नाही.

सीटी स्कॅनसाठी शिरेतून रंगद्रव्य देतात, म्हणून आधी रक्तातले क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे हे सांगणारा आकडा, तपासावे लागते. हे मला स्कॅनच्या खिडकीवर कळले आणि एक दिवस वाया गेला. वेळ घेतानाच विचारून घ्यावे. स्कॅन १७ तारखेला झाला, अहवाल २० तारखेला आला : डाव्या फुफ्फुसाच्या वरच्या खंडात, मुळाजवळ ४.६ सेंटिमीटरची गाठ, तिच्या पलीकडे आक्रसलेला फुफ्फुसाचा भाग आणि महाधमनीजवळ वाढलेली ग्रंथी. साध्या एक्स-रेमध्ये न्यूमोनियाच्या डागाने जे झाकले होते ते इथे स्पष्ट होते.

याच टप्प्यावर फॉर्म सुरू झाले. पहिल्याच फॉर्मवर ‘पॅक-इयर्स’ असा रकाना होता. रोजची पाकिटे गुणिले वर्षे, असा हा हिशेब असतो. २० सिगारेटचे पाकीट रोज एक धरले तर माझे ३८ होत होते. मी १५ लिहिले. विम्याच्या अर्जावरही तोच आकडा जाईल, तेव्हा कमी लिहिलेला बरा, असे वाटले. पत्नीने तो फॉर्म मागून घेतला, आकडा खोडला, शेजारी ३८ लिहून मला सही करायला लावली. तिचे बरोबर होते. हा आकडा खोटा दिला तर डॉक्टर धोक्याचा अंदाज चुकवतात आणि विमा कंपनीला पुढे दावा नाकारायला आयते कारण मिळते. पॉलिसी घेताना धूम्रपानाबद्दल काय लिहिले होते ती प्रतही त्याच आठवड्यात शोधून ठेवावी. आम्हाला ती दोन दिवस सापडत नव्हती.

सिगारेट मी २० फेब्रुवारीलाच सोडली. निकोटिनचा पॅच लावला, आणि पहिला पंधरवडा फार वाईट गेला. ‘आता सोडून काय उपयोग’ हे वाक्य मला निदान चार जणांनी ऐकवले आणि मीही ते स्वतःला ऐकवत होतो. डॉक्टरांनी ते ठामपणे खोडून काढले : उपचार चालू असताना ओढत राहिल्यास रेडिएशनचा परिणाम कमी होतो आणि गुंतागुंती वाढतात. सोडल्यानंतर काही दिवस खोकला उलट वाढू शकतो, हेही त्यांनी आधीच सांगून ठेवले होते.

ब्रॉन्कोस्कोपी, म्हणजे श्वासनलिकेत दुर्बीण घालून गाठीचा तुकडा (बायोप्सी) घेणे, १ मार्चला झाली. सहा तास उपाशी, घशात बधिर करणारा फवारा, हाताला गुंगीचे इंजेक्शन. मला त्यातले फारसे आठवत नाही. नंतर दोनेक तास, घशाची बधिरता उतरेपर्यंत, पाणीसुद्धा देत नाहीत, आणि एखादा दिवस कफात रक्ताची रेघ येणे अपेक्षित असते. मात्र रक्त किती आले तर धावत यायचे, हे मी लेखी मागून घेतले. त्या कागदावर एक ओळ होती जी प्रत्येक अशा रुग्णाच्या घरी माहीत असावी : रक्त जास्त येऊ लागले तर ज्या बाजूला गाठ आहे त्या कुशीवर झोपवावे आणि मदत बोलवावी. उपजत बुद्धी उलट सांगते, पण आजारी बाजू खाली राहिली तर रक्त चांगल्या फुफ्फुसात उतरत नाही. माझ्यावर ती वेळ आली नाही.

त्यानंतर वाट पाहणे. बायोप्सीचा पहिला अहवाल ८ मार्चला आला, त्यात ‘कर्करोग’ होता पण प्रकार नव्हता. विशेष रंग-चाचण्यांना आणखी सहा दिवस लागले. त्यातून ‘स्क्वॅमस’, म्हणजे चपट्या पेशींचा, प्रकार ठरला. मेणात जपलेला नमुना, ज्याला ब्लॉक म्हणतात, तो आणि काचपट्ट्या कोणाच्या ताब्यात आहेत हे आम्ही विचारले नव्हते. दुसऱ्या मतासाठी त्या लागल्या, तेव्हा अर्ज, ओळखपत्राची प्रत आणि सही असलेले पत्र घेऊन पत्नीला दोनदा जावे लागले, आणि दुसऱ्या वेळी ते खाते दुपारी बंद झाले होते. ब्लॉक मागण्याचा अर्ज बायोप्सीच्या दिवशीच देऊन ठेवता येतो. १३ तारखेला पेट स्कॅन, म्हणजे कर्करोग शरीरात आणखी कुठे पसरला आहे का हे पाहणारा स्कॅन, झाला. इंजेक्शन दिल्यावर तासभर न बोलता पडून राहावे लागते आणि त्या दिवशी लहान मुले व गरोदर स्त्रियांपासून दूर राहायला सांगतात. १५ तारखेला मेंदूचा एमआरआय. डोके अजिबात दुखत नसताना मेंदूचा स्कॅन कशासाठी, असे मी विचारले. फुफ्फुसाचा कर्करोग मेंदूत पसरला तरी सुरुवातीला काहीच जाणवत नाही असे घडते, हे उत्तर मिळाले. माझा अहवाल स्वच्छ आला. खर्चाच्या बाबतीत सांगायचे तर पेट स्कॅनने सर्वांत मोठा घास घेतला, आणि विम्याची पूर्वमंजुरी न घेता तो केला असता तर सगळा आमच्याच खिशातून गेला असता. मंजुरीला पाच दिवस लागले. ते पाच दिवस मी चिडून काढले.

२१ मार्चला वेगवेगळ्या विभागांच्या डॉक्टरांची बैठक होऊन निर्णय झाला : तिसरा टप्पा, शस्त्रक्रिया योग्य नाही, सहा आठवडे रेडिएशन आणि त्याबरोबर दर आठवड्याला किमो, त्यानंतर वर्षभर इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणारे औषध. त्या भेटीत डॉक्टरांनी औषधांपेक्षा जास्त वेळ गुंतागुंतींवर घालवला. सकाळी चेहरा आणि पापण्या सुजलेल्या दिसणे, सदऱ्याची कॉलर घट्ट होणे, छातीवर शिरा उमटणे याचा अर्थ डोक्याकडून हृदयाकडे रक्त आणणारी मोठी शीर दाबली जात आहे. पाठीच्या कण्यात नवे दुखणे आणि त्याबरोबर पाय जड होणे, किंवा लघवी अडकणे, याचा अर्थ मज्जारज्जूवर दाब. त्यासाठी दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही, कारण गेलेली पायांची ताकद उशीर झाल्यास परत येत नाही. एकाएकी गोंधळल्यासारखे बोलणे म्हणजे दरवेळी मेंदूत गाठ असेच नाही, रक्तातले सोडियम घसरलेले किंवा कॅल्शियम वाढलेलेही असू शकते. खूप तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठ आणि सुस्ती हे चौघे एकत्र आले तर कॅल्शियम तपासायचे. माझ्या प्रकारच्या कर्करोगात ते वाढण्याची शक्यता अधिक असते. पत्नीने हे सर्व वहीच्या शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरांत उतरवले आणि खाली रात्रीचा दूरध्वनी क्रमांक लिहिला.

हे सारे तेव्हा परीक्षेच्या अभ्यासासारखे वाटले होते. प्रतीक्षाकक्षात त्याला चेहरे मिळाले. माझ्याआधी क्रमांक असलेल्या एका गृहस्थांचा खांदा सात महिने दुखत होता; खांदा आखडला म्हणून त्यांनी व्यायाम केला, शेक घेतला, इंजेक्शने घेतली, आणि अखेर फुफ्फुसाच्या अगदी टोकावरची गाठ हाताच्या नसांत शिरल्याचे निघाले. त्यांच्या त्या बाजूची पापणी किंचित खाली आलेली होती आणि बाहुली लहान होती. अशा गाठीला पॅनकोस्ट गाठ म्हणतात. हेन्री पॅनकोस्ट या क्ष-किरणतज्ज्ञांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात तिचे वर्णन केले. गाठ टोकावर असल्याने खोकला नाही, रक्त नाही. मग छातीकडे बघणार कोण? दुसऱ्या एका काकूंना त्यांच्या मुलाने विस्मरणाच्या तज्ज्ञांकडे नेले होते. त्यांचे सोडियम खूप कमी झाले होते आणि त्यामागे लहान पेशींचा, म्हणजे स्मॉल सेल, कर्करोग होता. मुलगा मला म्हणाला, “आई चाळीस वर्षं ओढते, पण आम्ही डॉक्टरांना ते सांगितलंच नाही. विस्मरणाचा आणि त्याचा काय संबंध, असं वाटलं.”

२७ मार्चला रेडिएशनची आखणी झाली आणि छातीवर गोंदणाचे तीन बारीक ठिपके आले. ५ एप्रिलपासून ‘लाइट’ सुरू झाले; रेडिएशनला तिथले सगळे रुग्ण हाच शब्द वापरत आणि मलाही तो सोपा वाटला. शनिवार-रविवार सोडून रोज एक, एकूण ३० बैठका. प्रत्यक्ष मशिनखाली दहा-बारा मिनिटे, पण कपडे बदलण्यापासून परत निघेपर्यंत दोन तास जात. मध्ये एक दिवस मशिन बंद पडले, म्हणून १६ ऐवजी १७ मे रोजी संपले. तिसऱ्या आठवड्यापासून गिळताना अन्ननलिकेत आग होऊ लागली. जेवणाआधी घ्यायचे बधिर करणारे पातळ औषध त्यासाठी मिळते, पण मागितल्याशिवाय मिळत नाही. किमोच्या काळात ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेला तर तासाभरात रुग्णालय गाठायचे, आधी तापाची गोळी घेऊन आकडा खाली आणायचा नाही, हे परिचारिकेने तीन वेळा बजावले. मला एकदाही ताप आला नाही, तरी थर्मामीटर उशाशीच होता.

आली ती वेगळीच गोष्ट. २९ एप्रिल, शनिवार. डावी पोटरी जड वाटत होती. पाच आठवडे बसून-झोपून काढलेल्या माणसाचा पाय जड वाटणारच, असे मी म्हणालो. पत्नीने शिवणकामाची टेप आणली, गुडघ्याखाली चार बोटांवर पेनने खूण केली आणि दोन्ही पोटऱ्या मोजल्या : उजवी ३४, डावी ३८ सेंटिमीटर. मी सोमवारी लाइटला जाणारच आहे, तेव्हा दाखवू, असे माझे म्हणणे होते. ती फक्त एवढेच म्हणाली, “अहो, वहीत लिहिलेलं आहे, एकाच पायाची सूज आली तर त्याच दिवशी. सोमवार असं लिहिलेलं नाही.” आपत्कालीन विभागात तीन तास बसलो. डॉपलरमध्ये, म्हणजे पायाच्या शिरांच्या सोनोग्राफीत, मांडीपर्यंत गेलेली रक्ताची गुठळी दिसली, आणि थोडी धाप असल्याचे मी ओशाळून कबूल केल्यावर छातीचा अँजिओग्राम झाला, त्यात उजव्या फुफ्फुसाच्या धमनीच्या एका छोट्या फांदीतही गुठळी होती. ती धाप मला चार दिवसांपासून होती. मी तिचे खाते ३८ वर्षांच्या सिगारेटवर टाकून मोकळा झालो होतो.

कर्करोगात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. ही गोष्ट एकोणिसाव्या शतकात अर्मां ट्रूसो या फ्रेंच वैद्यांनी सांगितली, आणि पुढे स्वतःलाच तशी गुठळी झाल्यावर त्यांनी स्वतःच्या कर्करोगाचे निदान ओळखले. मला पोटाच्या त्वचेखाली दिवसातून दोनदा रक्त पातळ करणारे इंजेक्शन सुरू झाले. नंतर त्याची गोळी झाली. कफात रक्त येऊन गेलेल्या माणसाला रक्त पातळ करायचे औषध देणे ही तारेवरची कसरत आहे, हे डॉक्टरांनी लपवले नाही, आणि म्हणून रक्ताचा धागा दिसला तर लगेच कळवायचे, दात काढायचा झाला तरी आधी विचारायचे, असे ठरले. लाइट थांबले नाहीत.

इम्युनोथेरपीचे डर्व्हॅलुमॅब १२ जूनपासून सुरू झाले, दर चार आठवड्यांनी. जुलैमध्ये मी बराच बरा होतो; एक मजला न थांबता चढत असे. आवाज पूर्ण परत आला नाही, पण हनुवटी खाली घेऊन घोट गिळण्याची युक्ती वाचोपचारतज्ज्ञांनी शिकवल्यापासून ठसका जवळजवळ थांबला होता.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात कोरडा खोकला परतला. या वेळी घरातल्यांचे अंदाज दोन टोकांचे होते : मुलीला वाटले, गाठ पुन्हा वाढली, मला वाटले, जुनाच खोकला. दोन्ही चूक. वहीत पाहिले तर जुलैच्या अखेरीस एक मजला चढणारा मी १४ ऑगस्टला अर्ध्यात थांबत होतो, ९९ ते १०० अंश ताप होता आणि बोटाला लावायच्या यंत्रावर चालल्यानंतर ऑक्सिजन ९६ वरून ९० वर उतरत होता. बसून मोजले तर तो ९६ दिसे. चालून मोजायचे असते हे मला कोणी सांगितले नव्हते. १७ तारखेच्या स्कॅनमध्ये रेडिएशनच्या पट्ट्याशी जुळणारी धूसर छाया होती. रेडिएशनमुळे येणारी फुफ्फुसाची ही सूज साधारणपणे उपचार संपल्यावर एक ते सहा महिन्यांत उद्भवते, आणि इम्युनोथेरपीनेही सूज येऊ शकते, त्यामुळे आम्हाला दोन्ही संशयित धरूनच चालावे लागले. संसर्ग नाही याची खात्री करून स्टेरॉइड सुरू झाले, डर्व्हॅलुमॅब थांबले. चार दिवसांत खोकला निम्मा झाला. बरे वाटले म्हणून स्टेरॉइड आपण होऊन बंद करायचे नसते. माझा डोस सात आठवड्यांत पायरीपायरीने उतरवला. या काळात रक्तातली साखर वाढली, तोंडात पांढरी बुरशी आली आणि रात्री दोन वाजता मी कपाटे आवरत असे. त्या रात्रींची आठवण म्हणून घरातली सगळी बिले आजही वर्षवार लावलेली आहेत.

ऑक्टोबरमध्ये इम्युनोथेरपी पुन्हा सुरू झाली आणि जुलै २०२४ पर्यंत फारसे काही न घडता चालली. दर काही आठवड्यांनी थायरॉइड तपासत, कारण हे औषध तिच्यावरही हल्ला चढवते; माझ्यात फेब्रुवारीत ती मंदावली आणि रोज सकाळची एक गोळी वाढली. थकवा ‘वयाचा’ म्हणून मी पुन्हा सोडून देणार होतो, हे वेगळे सांगायला नको.

मधल्या काळात एक गोष्ट वाचनात आली आणि तिने बरेच दिवस बोचले. अमेरिकेत अनेक वर्षे धूम्रपान केलेल्या ५३,००० हून अधिक लोकांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. दरवर्षी कमी मात्रेचा सीटी स्कॅन केलेल्यांत फुफ्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू एक्स-रे केलेल्यांपेक्षा २० टक्क्यांनी कमी होते. मी २०११ मध्ये ४५ वर्षांचा होतो, रोज एक पाकीट ओढत होतो आणि वर्षातून एकदा गाडीची तपासणी न चुकता करून घेत होतो.

आता दर तीन महिन्यांनी स्कॅन असतो. मागच्या वेळी नोंदणीच्या खिडकीवर नवा फॉर्म मिळाला. ‘खोकला : आहे / नाही’ असा रकाना होता, पुढे दोन चौकोन. पूर्वी मी ‘आहे’वर खूण करून मोकळा झालो असतो. मी खूण केली आणि चौकोनाशेजारच्या कोऱ्या समासात लिहिले : ‘सकाळी दोनदा, कोरडा, रक्त नाही, रात्री नाही, डाव्या कुशीवर वाढत नाही, एप्रिलपासून तसाच.’ जागा अपुरी पडली, तेव्हा उरलेले कागदाच्या मागे लिहिले. खिडकीवरच्या बाईंनी फॉर्म उलटून पाहिला आणि मागेही मजकूर आहे हे डॉक्टरांच्या लक्षात यावे म्हणून कोपऱ्यात बाण काढला.